वारा लागेल

जर्मनीला निघायच्या आधी आईने लक्ष्मी रोडवर माझ्यासाठी जॅकेट घेतलं. राणी कलरचं. दुकानदार बिचारा काळं, नेव्ही ब्लू, फार तर मरून असं शहाण्यासारखं काढून दाखवत होता, पण आईने वरच्या फळीवरचं ते खाली काढायला लावलं. ‘तिकडे म्हणे हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला लांबून दिसायला नको का?’ यावर काय बोलणार? जॅकेट गोधडीसारखं फुगीर होतं. बॅगेत मावेना, म्हणून सप्टेंबरच्या उकाड्यात मी ते अंगावर घालून विमानतळावर गेले.

आखेनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचं पितळ उघडं पडलं. आखेनचा पाऊस आपल्यासारखा वाजतगाजत येत नाही. तो असतोच. छत्री उघडावी इतका पडत नाही आणि माणूस कोरडा घरी पोचावा इतका थांबत नाही. कॉलेजातून चालत खोलीवर येईपर्यंत जॅकेट पाणी प्यायलं, आत भरलेलं जे काही होतं ते गोळा होऊन खाली उतरलं आणि माझ्या कमरेभोवती स्कूटरचा टायर तयार झाला. दोन दिवस ते हीटरवर पसरून ठेवलं होतं. खोलीभर ओल्या गोधडीचा वास.

शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘याचा वॉटर कॉलम किती आहे?’ मला वाटलं काहीतरी अभ्यासाचं विचारतेय. मग कळलं की पावसाळी कापडाचं मोजमाप असतं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते पाणी आत येऊ देत नाही, ती उंची मिलिमीटरमध्ये. तिच्या जॅकेटचा आकडा दहा हजार होता. तिला तो पाठ होता.

तेव्हापासून मी लोकांची जॅकेटं बघायला लागले. रविवारी ट्राममध्ये, सॉरी, आखेनला ट्राम नाही, बसमध्ये साठीच्या पुढची जोडपी चढतात. दोघांच्या अंगावर एकाच कंपनीची, एकाच रंगाची वॉटरप्रूफ जॅकेटं. जॅक वुल्फस्किनचा तो पंजाचा ठसा तर मी इतक्या पाठींवर पाहिलाय की ती राष्ट्रीय मुद्रा असावी असं वाटावं. पायात डोंगर चढायचे बूट, पाठीवर सॅक. जायचं असतं बेकरीत. या जोडीने सारखे कपडे घालण्याला तिथे ‘पार्टनरलुक’ म्हणतात. आम्ही देशी मुलं त्यावर खूप हसायचो. थरावर थर चढवण्याच्या पद्धतीला त्यांच्यात ‘कांद्याचं तत्त्व’ असा शब्द आहे, आणि हवा कधी वाईट नसते, कपडे चुकीचे असतात, अशी एक लाडकी म्हणही आहे. भिजून आलेल्या माणसाला ती हमखास ऐकवतात. म्हणजे तुम्ही भिजलात हा पावसाचा दोष नाही, तुमची तयारी कमी पडली.

इथे मला पुण्यातली स्कूटरवरची मुलगी आठवली. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने गुंडाळलेलं, हातात कोपराच्या वर जाणारे पांढरे मोजे, अंगात जुना सुती सनकोट. परक्या माणसाला वाटेल, ही दरोड्याला निघाली आहे. पण आपल्याला माहीत असतं, ती धूळ आणि उन्हाला घाबरते आहे. कॉलेजच्या पार्किंगमध्ये तीन मिनिटांत ते सगळं सोडून डिकीत कोंबलं की आतून ठरवलेला कपडा बाहेर येतो. फॅशन तो आतला कपडा असं आपण समजतो. मला आता वाटतं, रोजची खरी फॅशन तो स्कार्फच. गाव कशाला घाबरतं ते त्याच्या अंगावर दिसतं. जर्मन माणूस ओलं व्हायला घाबरतो.

हे सुचल्यावर मला चाळाच लागला. विद्यार्थ्याला युरोपात फिरायचं म्हणजे रात्रीची बस, पाठीवर डबा आणि अंगात तेच एक जॅकेट. ते प्रत्येक गावात घेऊन जायचं आणि लोक त्याच्याकडे कसं बघतात ते बघायचं.

नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्त तर बसने तासाभरावर. तिथे सायकलवरून डच बाप्ये ऑफिसला जाताना दिसले. गुडघ्यापर्यंतचा झोकदार कोट, केस मागे चापून बसवलेले, पायात पांढरे बूट आणि पाऊस आला तर? सायकल थांबवून पिशवीतून पावसाळी पँट काढायची, चढवायची, मुक्कामाला पोचल्यावर काढून ठेवायची. आपल्या डिकीतल्या स्कार्फचीच बहीण. बर्लिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळे काळ्यात, आणि तिथे माझं जॅकेट म्हणजे मुद्दाम केलेला विनोद आहे असं लोकांना वाटलं.

पॅरिसची भीती ओळखायला मला दोन दिवस लागले. मेट्रोत बायका बसलेल्या. गडद निळा कोट, साधी जीन्स, केस जणू उठल्यावर विंचरायचे राहिलेले. काहीच केलेलं नाही असं वाटतं. मग समोरच्या सीटवरून नीट बघितलं तर कोटाचा खांदा हाडावर अचूक बसलेला आणि गळ्यातला स्कार्फ विस्कटलाय तोही बेतानेच. आपण प्रयत्न केलाय हे दिसेल, याला पॅरिस घाबरतं. आपल्याकडे नेमकं उलटं. लग्नाला जाताना ‘एवढी नटलीस, दिसू तर दे’ म्हणणाऱ्या मावशीचं तिथे काही चालायचं नाही. माझ्या राणी कलरकडे मेट्रोत कुणी बघितलंही नाही, पण ते न बघणं जरा जास्तच टापटीप होतं.

याच पॅरिसमध्ये बाईने पुरुषी कपडे, म्हणजे पँट घालायची तर पोलिसांची परवानगी काढावी, असा हुकूम १८०० साली निघाला होता. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सूट मिळाली: हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर चालेल. म्हणजे सायकल स्टँडला लावली की गुन्हा परत सुरू. हा हुकूम आता लागू नाही असं सरकारने जाहीर केलं ते २०१३ साली! माझी पणजी काष्टा मारून भात लावायची, विहिरीत उतरायची, आणि त्यासाठी तिने कोणत्या फौजदाराची चिठ्ठी आणल्याचं ऐकिवात नाही. पॅरिसमधल्या त्या निळ्या जीन्सकडे मी त्यानंतर जरा आदराने बघायला लागले.

पण मन रमलं ते मिलानमध्ये. मार्चचा शेवट. छान ऊन, अठरा-वीस डिग्री. जर्मनीत एवढ्यावर लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात हिंडतात, तीच सवय मलाही लागलेली. जॅकेट कमरेला बांधलं, पातळ टीशर्ट, गळा उघडा. आणि आजूबाजूला पाहते तो सगळं मिलान अजून फुगीर जॅकेटात! एका हातात बर्फाचा गोळा द्यावा इतकं ऊन आणि गळ्याला मफलर. जर्मन माणूस थर्मामीटर बघून कपडे काढतो, इटालियन कॅलेंडर बघून. मार्च म्हणजे मार्च.

मिलानमध्ये १९२८ सालच्या ट्राम अजून धावतात. आत लाकडी बाकं, कडेने समोरासमोर. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना बघावं अशीच सोय. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या. या आज्यांना तिथे ‘शूरा’ म्हणतात, खास मिलानी शब्द आहे. उंटाच्या रंगाचा कोट, सेट केलेले केस, कानात मोती, मांडीवर कडक कातडी पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. पिशवीतून पालेभाजीचे देठ डोकावत होते, म्हणजे बाई भाजी आणायला निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली ती बुटांपासून. बुटांवर थांबल्या, गुडघ्यावर थांबल्या, कमरेच्या राणी गाठोड्यावर बराच वेळ थांबल्या. अशी नजर मी फक्त सदाशिव पेठेत अनुभवली होती. मग गळ्यापाशी आल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. पुढे वाकून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि भराभर काहीतरी बोलल्या. मी हसून मान हलवली. तेवढ्याने भागेना. त्यांनी सरळ माझी खिडकी बंद केली.

माझ्याबरोबर वर्गातला इटालियन मुलगा होता. तो कानापर्यंत लाल. म्हणाला, ‘त्या म्हणतायत गळा झाक, हवेचा फटका बसेल.’ त्यांच्यात हा एक आजारच आहे म्हणे. घाम आलेल्या अंगाला वाऱ्याची झुळूक लागली की मान धरते, पोट बिघडतं, काहीही होतं. बाहेरच्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगताना त्याची नेहमी त्रेधा उडायची. मला सांगावं लागलं नाही. चौथीपर्यंत मी कानाला रुमाल बांधून शाळेत गेले आहे. मी निमूटपणे कमरेचं जॅकेट सोडून अंगात घातलं आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. आजींनी पुन्हा एकदा बुटांपासून वर बघितलं. रंगाबद्दलचं मत त्यांनी बदललं नसावं, पण मान डोलावली.

व्हिएन्नाचं एकच सांगते. तिथल्या ऑपेराची उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. आत शिरल्यावर बघते तो प्रत्येक जण आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधतोय. रेशमी, लोकरी, चौकड्यांचे. बांधून झाला की खुशाल बाहेर जायचं, कुणी जागा घेत नाही. मी तिथे एकटीच खुदकन हसले. स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना कुणीतरी हे दाखवायला हवं. माझ्याकडे मफलर नव्हता, मग जॅकेटच्या बाह्यांची गाठ मारली. मध्यंतरात लांबून माझी जागा सगळ्यात आधी सापडली.

गेल्या मे महिन्यात माझ्या पदवीदानाला आई-बाबा आले. आई साडी, त्यावर कार्डिगन, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज. बाबा हाफ स्वेटरमध्ये. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि दोघे भिजले. म्हणून एका दुकानात नेलं. विक्रेत्याने वॉटर कॉलमचा विषय काढला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तेवढ्यात बाबा पुढे झाले. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस तो. ‘दहा हजार मिलिमीटर? म्हणजे दहा मीटर हेड, दहा मीटर पाण्याचा दाब!’ त्यांनी शिवण ओढून पाहिली, चेनीखालची पट्टी पाहिली, धरणाची तपासणी करावी तसं सगळं जॅकेट तपासलं. विक्रेताही खूश. दुसऱ्या जॅकेटवर निम्मी सूट होती. एकसारखी दोन, राखाडी-निळी. आईला म्हटलं, तो लाल बघ ना. ‘आम्हाला काय करायचाय रंग,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांना तीन देशांच्या सीमा मिळतात त्या टेकडीवर नेलं. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं ते सर्वात उंच ठिकाण, ३२२ मीटर. बाबांनी पाटी वाचली. ‘आपलं पुणे स्टेशन याच्याहून उंच आहे,’ असं जाहीर करून ते बाकावर बसले. त्या बाकावर आधीच एक जर्मन जोडपं होतं. राखाडी-निळी जॅकेटं, पाठीवर सॅक. दोघं आणि दोघं, एका ओळीत चौघं. जर्मन आजींनी आईच्या जॅकेटकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या, आणि अंगठा वर केला. आईने डबा उघडून त्यांच्यापुढे चिवडा धरला. ही सगळी माणसं एकाच सहलीला आली आहेत, अशी माझी खात्री पटत चालली होती.

ऊन पडलं होतं, पण टेकडीवर भणाण वारा. आईने माझ्या टीशर्टकडे बघितलं, पिशवीत हात घातला आणि ते राणी जॅकेट बाहेर काढलं. माझ्या खोलीतून कधी उचलून आणलं होतं कुणास ठाऊक. मी मुकाट्याने चढवलं. जर्मन आजोबांनी आमचा फोटो काढायची तयारी दाखवली, मग बाबांनी त्यांनाही त्यात ओढलं आणि फोटो भलत्याच कुणी काढला.

रात्री आई तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. चार राखाडी आणि कडेला मी.

‘बघ,’ ती म्हणाली, ‘लांबून दिसतेस की नाही?’