नाणेघाटाचा उलटा फोटो आणि 80 रुपयांची पुस्तिका

मी पुण्यातल्या एका छोट्या म्युझियमच्या दुकानात खरेदी बघते. बाहेर पडायच्या दाराशी एक खोली, मॅग्नेट-पोस्टकार्डांचा स्टँड, कापडी पिशव्या आणि पुस्तकांना एकच भिंत. वर्षातून दोनदा नवीन पुस्तकं निवडतो, आणि भिंत एकच असल्यामुळे एक पुस्तक आत आलं की दुसरं बाहेर जातं, म्हणून माझा तरी त्या दिवशी जीव वरखाली होत असतो.

लोकांना वाटतं चांगली पुस्तकं घ्यायची, बस. पण म्युझियमच्या दुकानाचं गणित अप्पा बळवंत चौकातल्या दुकानासारखं नसतं. तिथे माणूस पुस्तक ठरवून येतो. आमच्याकडे माणूस आत्ताच काहीतरी बघून आलेला असतो, डोक्यात एखादा प्रश्न ताजा असतो, पाय दुखत असतात, पोरं भुकेली असतात आणि त्याच्याकडे पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत त्याच्या प्रश्नाचं पुस्तक समोर दिसलं तर तो घेतो, नाहीतर मॅग्नेट घेऊन जातो. त्यात जड आर्ट पेपरची पुस्तकं पावसाळ्यात दमट हवेने चिकटतात, पानं सोडवताना फाटतात, म्हणून शक्यतो परत घेण्याच्या बोलीवरच माल घ्यायचा. पुस्तकांवर जीएसटी नाही एवढीच काय ती सोय.

तर यावेळी सॅम्पल टेबलावर मांडलेली, मी, आमच्या क्युरेटर मॅडम आणि एका वितरकाचा माणूस. त्याने सगळ्यात आधी पुढे केलं ते एक मोठं इंग्रजी कॉफी टेबल बुक, महाराष्ट्रातल्या लेण्या आणि घाटवाटांवरचं, किंमत साडेतीन हजार. छपाई खरंच देखणी. "ताई, हे खपतंच, पाहुण्यांना गिफ्ट द्यायला लोक नेतात." मलाही पटत होतं, कारण त्यातली एक प्रत गेली की छोट्या पुस्तकांच्या पन्नास प्रतींएवढं कमिशन सुटतं.

मॅडम पानं उलटत उलटत नाणेघाटाच्या, म्हणजे जुन्नरजवळच्या जुन्या व्यापारी घाटवाटेच्या, पानांपाशी थांबल्या. दोन पानांवर पसरलेला तिथल्या शिलालेखाचा फोटो. त्यांनी चष्मा वर केला, पुस्तक खिडकीकडे नेलं आणि म्हणाल्या, हा उलटा छापलाय. मला कळेना, वर-खाली तर बरोबर दिसत होतं. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ब्राह्मीतला, म्हणजे त्या लेखाच्या जुन्या लिपीतला, ज साधारण इंग्रजी ई (E) सारखा असतो, तिन्ही दांड्या उजवीकडे. इथे सगळे ज डावीकडे तोंड करून बसले होते. आरशात दिसावा तसा आख्खा फोटो फिरला होता. सातवाहनांची राणी नागनिका, तिच्या काळातला दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख, यज्ञात दिलेल्या 1,700 गाई आणि 10 हत्तींचा त्यात हिशोब, आणि पुस्तकात त्यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. आमच्या गॅलरीत त्याच लेखाचा मोठा फोटो सरळ लावलाय, म्हणजे माणूस आत एक बघणार आणि दाराशी पैसे मोजून त्याच्या विरुद्ध घरी नेणार. वितरकाचा माणूस म्हणाला हे कुणाच्या लक्षात येतंय, आणि तिथे मी पहिल्यांदा त्याच्याशी स्पष्ट बोलले की आमच्या दुकानात तरी हे चालणार नाही.

हे चालू असतानाच काउंटरवरून हाक आली म्हणून मी बाहेर गेले. एक आजोबा, पांढरी टोपी, सोबत सहावी-सातवीतली नात. घाटघरचे, म्हणजे नाणेघाटाच्या अगदी माथ्यावरचं गाव. आजोबा म्हणाले, "बाई, आत आमच्या घाटाचा फोटू लावलाय. गुरं घेऊन आम्ही त्याच लेण्यात पावसाला थांबायचो. त्यावर काय लिवलंय त्याचं पुस्तक हाय का, पोरीला वाचता यील असं?" घाटात जकात टाकायच्या दगडी रांजणाबद्दल, लेण्यातल्या भिंतीवरच्या मूर्तींचे नुसते पाय कसे उरलेत त्याबद्दल ते सांगत राहिले, मीच ऐकत बसले. नातीचं लक्ष मात्र आकड्यांवर होतं. गॅलरीतल्या तक्त्यावरून तिने ब्राह्मी आकडे हातावर पेनाने उतरवून आणले होते, एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी. तिला वडिलांचा मोबाईल नंबर त्यात लिहायचा होता आणि ती शून्यापाशी अडकली होती. "मावशी, शून्य कुठंय?" म्हटलं, यांच्यात शून्य नव्हतंच, म्हणून तर दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळ्या खुणा. मग नंबर सोडून तिने जन्मसाल लिहायला घेतलं, 2013, दोन हजाराची खूण, दहाची खूण आणि मग तीन रेघा. दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं आणि आजोबांना दाखवलं.

आणि पुस्तक? सातवाहनांवरची होती ती जाडजूड अभ्यासाची, तिच्या वयाला अशक्य. पण आतल्या टेबलावर सॅम्पलच्या ढिगात सगळ्यात खाली जुन्नरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या खर्चाने काढलेली पुस्तिका पडली होती, 64 पानी, पिना मारलेली, काळीपांढरी चित्रं, 80 रुपये. पोस्टाने आली होती, कुणी उघडली नव्हती. मी ती घेऊन आले, आजोबांना दिली, ते तिथेच स्टुलावर बसले आणि नात मोठ्याने वाचायला लागली, कल्याण-सोपाऱ्याहून माल कसा घाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा ते. मॅडम दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कान देऊन ऐकत होत्या, कुठे चूक सापडते का म्हणून, आणि जेवढं ऐकलं त्यात सापडली नाही.

ती प्रत मी त्यांना तशीच दिली, विकायला ती आमच्याकडे रीतसर आलीच नव्हती.

मग खरं भांडण अकाउंट्सशी. पुस्तिकेला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नाही, बारकोड नाही, सॉफ्टवेअरमध्ये एंट्री होत नाही, शिक्षकांकडे बिलबुक नाही. आणि 80 रुपयांत आपल्याला सुटणार काय हा प्रश्न. मी म्हटलं, सुट्टीच्या दिवसांत आपल्याकडे जास्त करून कोण येतं ते बघा ना, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सहली, जुन्नर-आंबेगाव-मावळातली कुटुंबं. पोरांच्या मुठीत पन्नास-शंभर रुपये असतात, त्यांना परवडेल असं मराठी पुस्तक आपण त्या भिंतीवर कधी ठेवलं? परदेशी पाहुणे येतात, त्यांच्यासाठीही ठेवूच, पण ज्यांच्या गावच्या वस्तू आपण काचेत ठेवल्यात त्यांना दाराशी काहीतरी मिळायलाच पाहिजे. जरा आवाज चढला माझा. मॅडमनी बाजू घेतली म्हणून निभावलं, आमच्याच नंबरची चिकटपट्टी लावून विकायचं ठरलं.

मॅडमनी रात्री पूर्ण पुस्तिका वाचून काढली, दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांना फोन लावला. त्यांना आधी विश्वासच बसेना. प्रती थोड्याच उरल्यात, म्हणाले, एसटीने पाठवतो, आणि नवीन आवृत्ती काढायला हुरूप आला. मी त्यांना सांगितलं की आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, अर्ज मी भरून देते. आणि नव्या आवृत्तीत एक पान ब्राह्मी आकड्यांचं हवं, शेजारी मुलांना लिहायला मोकळी जागा सोडून. ते पान मॅडम स्वतः काढून देणारेत.

कॉफी टेबल बुकच्या प्रकाशकांना त्या पानाचा फोटो आणि मूळ शिलालेखाचा फोटो असे दोन्ही मेल केलेत. पुढच्या छपाईत सरळ झाला तर तेही घेऊ, खालच्या फळीवर, कारण डोळ्यासमोरची फळी आता मी सहलीच्या पोरांसाठी मोकळी केलीय.