उंच गाडी पाहिजे म्हणजे नेमकं काय पाहिजे बे?

नागपुरात सध्या कोणालाही विचारा कोणती गाडी घेऊ, उत्तर ठरलेलं, थोडी उंच घे भाऊ. स्विफ्ट म्हटलं की समोरचा विषयच बदलून टाकतो. कारणं पण तीच, पावसात पाणी साचते, सिमेंट रोड अन गल्ली यांची लेव्हल जुळत नाही, आणि समृद्धी झाल्यापासून तर प्रत्येकाला शिर्डीला स्वतःच्याच गाडीनं जायचं आहे. आता 120 च्या स्पीडला उंच गाडीपेक्षा बुटकी गाडी जास्त स्थिर राहते हे सांगून पाहा, कोणी ऐकून नाही राहिलं.

पण गंमत पुढं आहे. 2024 मध्ये टाटा पंच देशात सगळ्यात जास्त विकली गेली, चाळीसेक वर्षं मारुतीचीच कोणतीतरी गाडी तिथं असायची. सगळे म्हणाले छोट्या गाडीचा जमाना गेला. अरे पण तेव्हाच्या पंचची लांबी 3827 मिलीमीटर, स्विफ्टची 3860! म्हणजे आपण जिला एसयूव्ही म्हणून मिरवत होतो ती स्विफ्टपेक्षा आखूड, खालचा सांगाडा टाटाच्याच अल्ट्रोझ या हॅचबॅकचा, म्हणजे मागं वेगळी डिक्की नसलेल्या साध्या गाडीचाच, फक्त 187 मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्स (रोड अन गाडीचा तळ यातलं अंतर) देऊन टाचेच्या चपला घातल्यासारखी उभी केलेली.

हे कंपन्यांना सुचलं कारण 2006 च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांवरची एक्साइज 24 वरून 16 टक्के केली. टॅक्स मोजतो लांबी, उंचीला कोणी विचारत नाही, मग वाढवा उंची! 22 सप्टेंबर 2025 पासून या गाड्यांवर जीएसटी 18 टक्के, मोठ्यांवर 40, म्हणजे चार मीटरची रेषा अजून तिथंच आहे.

अमेरिकेत पण असंच, फक्त साइज राक्षसी. बाहेरून येणाऱ्या पिकअप ट्रकवर (मागं सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी) 1964 पासून 25 टक्के ड्युटी, मायलेजचे नियम पण ट्रकला सैल, म्हणून तिथल्या कंपन्या ट्रकवरच कमवतात. 2008 मध्ये पेट्रोल भडकलं तेव्हा मे महिन्यात होंडा सिव्हिक या छोट्या गाडीनं फोर्डच्या एफ-सिरीज ट्रकला विक्रीत मागं टाकलं, लोक एकदम शहाणे झाले असं वाटलं. मग पेट्रोल उतरलं, लोक परत ट्रककडं, आणि 2018 मध्ये फोर्डनं तिथं सेडान, म्हणजे डिक्कीवाल्या बुटक्या गाड्या, बंद करत असल्याचं सांगूनच टाकलं. त्यामुळे "ग्राहकाला हेच पाहिजे" असं शोरूमवाला म्हणतो तेव्हा मला हसू येते, अर्धी आवड तर टॅक्सवाल्यानं ठरवलेली असते.

आमच्या साळेबुवांना मात्र पंच पण छोटी वाटते, त्यांना क्रेटाच पाहिजे, 4.3 मीटरची, आणि घर जुन्या नागपुरातल्या महाल भागात. म्हटलं भाऊ, गेटातून आत जाते का ते तरी मोजलं का? तर म्हणे बाहेर लावतो ना, रोड काय कोणाच्या बापाचा आहे का.