पाळी गेल्यानंतरचा डाग

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, कारण त्या माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण आहेत. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची ट्रंक आवरताना अगदी तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यांच्या सात-आठ घड्या सापडल्या, धुऊन, उन्हात वाळवून, नीट चौकोनी घातलेल्या. वय ६४, पाळी जाऊन तेरा-चौदा वर्षे झालेली. या बाईला अशा घड्या कशाला लागाव्यात, ते मला कळेना. विचारल्यावर त्या काही न बोलता उठून गेल्या. रात्री भांडी घासून झाल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "चार महिने झाले, मधूनच डाग लागतोय. ह्या वयात परत विटाळ आला म्हनून कुनाला सांगावं, पोरी?"

त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

पाळी पूर्ण बंद होऊन एक वर्ष झाल्यानंतर अंगावरून रक्त गेले, मग तो एकच पुसटसा डाग का असेना, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. असे रक्त जाणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण नऊ-दहा जणींनाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांमध्ये आतला कोरडेपणा, अस्तराची साधी वाढ किंवा कोंब (पॉलिप) अशी कारणे असतात. पण उलट्या बाजूने पाहिले, तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या नव्वद जणींना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे हा आजार सहसा लवकर आवाज देतो. आम्ही प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तिथे मात्र आत्यांना सोनोग्राफीशिवाय रक्त थांबवण्याच्या गोळ्या मिळाल्या, डाग थांबला, आणि त्या समाधानात आमचे आणखी सहा आठवडे गेले. याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडे सगळ्यालाच "पिशवीचा कॅन्सर" म्हणतात, पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा. तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि तो होण्याआधीच चाचणीत सापडू शकतो. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही त्याचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ साली जगापुढे आले ते आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून. अस्तराच्या कॅन्सरसाठी मात्र निरोगी स्त्रियांनी सरसकट करून घ्यावी अशी चाचणी नाही, आणि पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, चांगला आला म्हणजे अस्तर चांगले आहे असेही होत नाही. पाळी गेल्यानंतर शरीरातली चरबी इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करत राहते, त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन तेव्हा नसते, आणि अस्तर वाढत जाते. म्हणून वाढलेले वजन हे या आजाराचे मोठे कारण आहे, आणि मधुमेह त्याच्या जोडीला असतो. आत्यांना दोन्ही होते.

हे कळल्यावर मला सारखी आठवण येत राहिली ती आमच्या ओळखीच्या, केज तालुक्यातल्या एका कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बाईची. पांढरे जाते आणि ओटीपोट दुखते म्हणून ती दवाखान्यात गेली, "पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल" असे तिला सांगण्यात आले, आणि खाडा पडला तर पैसे कापले जातात या धास्तीने वयाच्या एकतिसाव्या वर्षी तिने पिशवी काढून टाकली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची जी माहिती आली, तिच्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पांढरे जाणे हे अनेकदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि ते औषधाने बरे होते. तिशीत अस्तराचा कॅन्सर क्वचितच होतो. ज्यांना भ्यायचे कारण नव्हते त्यांची पिशवी कॅन्सरच्या नावाने गेली, आणि ज्यांनी धावत जायला हवे होते त्या आत्यांसारख्या बायका घड्या लपवत बसल्या. आपल्या भागातली ही भीती अशी चुकीच्या घरी राहायला गेली आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली. पाळी गेलेल्या आणि रक्त जाणाऱ्या स्त्रीच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी असते. आत्यांची जाडी १३ भरली. मग दुर्बिणीने पिशवीच्या आत पाहून तुकडा काढला, तो तपासायला गेला आणि निदान पक्के झाले. एमआरआयमध्ये आजार पिशवीच्या बाहेर दिसला नाही.

या आजाराचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गर्भाशय तोंडासकट, दोन्ही बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशये काढतात, आणि गरजेप्रमाणे जवळच्या लसिकाग्रंथीही तपासायला घेतात. आत्यांचे हे सगळे दुर्बिणीतून झाले, पोटावर चार लहान छेद, आणि तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात चालत होत्या. पुढे काय करायचे ते काढलेल्या पिशवीच्या तपासणीवर ठरते. (कोणत्याही कारणाने पिशवी काढली असो, ती तपासायला गेली का आणि अहवाल कुठे आहे, हे नातेवाइकांनी विचारावेच.) आत्यांचा कॅन्सर पिशवीतच होता, पण स्नायूच्या भिंतीत निम्म्याहून खोल उतरला होता. म्हणून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात त्यांना आतून शेक, म्हणजे किरणोपचार, द्यायचे ठरले. योनिमार्गात बोटापेक्षा थोडी जाड गुळगुळीत नळी बसवून तिच्यातून काही मिनिटे किरण देतात. एकेका आठवड्याच्या अंतराने तीन वेळा जावे लागले, आणि दर वेळी त्या त्याच दिवशी एसटीने परत आल्या. त्यांच्यासारख्या रुग्णांमध्ये बाहेरून द्यायच्या शेकाइतकाच हा उपयोगी पडतो आणि आतड्यांना त्रास कमी होतो.

आजार ग्रंथींपर्यंत किंवा पुढे गेला असेल, तर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी देतात, सोबत बाहेरून शेकही लागू शकतो. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचा आजार सौम्य प्रकारचा आणि अस्तरापुरताच असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी वापरून, दर काही महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासत, पिशवी काही काळ राखता येते. अलीकडे गाठीचा जनुकीय प्रकारही पाहतात. त्यासाठी पॅथॉलॉजीतून गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे छोटे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, आपल्याला दिले जातात. ते मी रुमालात गुंडाळून छातीशी धरून नेले होते. पेशीतली चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असेल तर पुढच्या टप्प्यातल्या आजारात इम्युनोथेरपी चांगली लागू पडते, आणि काही घरांत हा बिघाड आनुवंशिक असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी नातेवाइकांचीही तपासणी करावी लागते. मी आत्यांची भाची, नवरा त्यांचा मुलगा. अहवालात ही यंत्रणा शाबूत निघाली तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

मागच्या महिन्यात आत्यांनी स्वतःहून गावाकडच्या आपल्या धाकट्या जावेला फोन लावला आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "तुला डाग लागतोय का गं कधी?" काकूंना दोनदा लागला होता. सोमवारी आम्ही तिघी सोनोग्राफीला गेलो. जाडी ३ मिलिमीटर निघाली, डॉक्टरांनी कोरडेपणासाठी मलम लिहून दिले आणि पुन्हा रक्त दिसले तर लगेच या असे बजावले. आत्यांनी तो कागद आपल्या फाइलशेजारी, त्याच ट्रंकेत, वरच्या बाजूला ठेवला आहे.