उद्याही हाच आवाज

शनिवार, रात्री अकरानंतर

डेमोची, म्हणजे काम मिळवण्यासाठी पाठवायच्या माझ्या आवाजाच्या नमुन्यांची, नवी फाईल आज तयार झाली. आधीची दोन मिनिटांच्या पुढे जायची, ही साठ सेकंदांच्या आत आहे. व्हॉइस-ओव्हरमध्ये नव्यानं येणाऱ्याला आपल्याला येतं ते सगळं दाखवावंसं वाटतंच: जाहिरात, माहितीपट, कार्टूनमधलं पोर, खाष्ट सासू, बातम्या. पण काम देणारा माणूस मन लावून ऐकतो ते पहिले काही सेकंद. तेवढ्यात पटलं तर पुढे, नाहीतर दुसऱ्या कुणाची फाईल. म्हणून ‘नमस्कार, मी इंदूरची, मला लहानपणापासून आवाजाची आवड...’ ही प्रस्तावना गेली. आता फक्त नाव, आणि लगेच माझा सगळ्यात सहज निघणारा आवाज.

काय ठेवायचं, काय काढायचं, याला मी एकच कसोटी लावली. उद्या सकाळी कुणाचा फोन आला आणि ‘डेमोतला तिसरा आवाज हवाय, अर्धा तास बोलायचंय’ म्हणाले, तर देता येईल का? एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये दुकानदार ताग्याचं टोक हातात देतो तेव्हा आतलं कापड तेच असेल असं आपण धरून चालतो. डेमोचंही तसंच आहे. लहान मुलाचा आवाज मला एखाद-दोन वाक्यं छान जमतो, मग घसा आवळायला लागतो. तो काढला. नामांकित कंपन्यांच्या जाहिराती वाचणंही बंद. ऐकणाऱ्याला वाटतं हे काम हिनं केलंय, आणि ते तर मी केलेलं नाही. सगळा मजकूर आता मीच लिहिला आहे.

त्यातल्या एका वाक्यावर आजची संध्याकाळ गेली. ‘बाबा, गोळी घेतली का?’ औषधांची आठवण करून देणाऱ्या डबीची काल्पनिक जाहिरात. नुसतं गोड आवाजात म्हटलं की हे वाक्य कुणाचंच राहत नाही. बाबा कुठे आहेत? शेजारच्या खोलीत असतील आणि त्यांना जरा कमी ऐकू येत असेल, तर ‘बाबा’ला टेकू द्यावा लागतो, त्यावर क्षणभर थांबावं लागतं, आणि ‘गोळी’ स्पष्ट, तुटक येते. मुलगी पुण्याहून फोनवर विचारत असेल, तर ‘बाबा’ खाली येतो, सगळा भार ‘घेतली का’वर जातो आणि तिथे थोडी काळजी, थोडं आपण तिथे नसल्याचं ओझं उतरतं. समोरासमोर, हातात पाण्याचा पेला असेल, तर ते वाक्य जवळजवळ बोलावंच लागत नाही. मी फोनवालं ठेवलं. माझ्या गळ्याला ते सगळ्यात जवळचं आहे, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं तरी तिथेच येऊन बसलं.

आवाज बसणं आणि आवाज सजवणं यातला फरक मला आता फार महत्त्वाचा वाटतो. माइकला तोंड चिकटवलं की खर्ज फुगतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणाऱ्या माइकचा हा गुणधर्मच आहे, आणि हेडफोनमध्ये स्वतःचा तसा भारदस्त आवाज ऐकून कुणालाही भुरळ पडेल. पण दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्या माइकवर, तो खर्ज कुठून आणणार? मी वीतभर अंतर धरते. भ आणि फ मात्र तरीही माइकवर आदळतात. तोंडासमोर तळहात धरून ‘भाजी’ म्हणून बघावं, वाऱ्याचा झोत हाताला लागतो. पॉप फिल्टरनं, म्हणजे माइकसमोर लावायच्या जाळीनं, तो बराचसा अडतो. उरलेल्यासाठी माइक ओठांच्या सरळ रेषेतून किंचित बाजूला वळवला की काम होतं.

पार्श्वसंगीतही जवळजवळ सगळं उतरवलं. नुसत्या आवाजावर जो तुकडा उभा राहतो, त्यालाच मागे हलकं संगीत. उलटं करायला गेलं की संगीतच आठवणीत राहतं.

खोलीची गोष्ट वेगळी. रेकॉर्डिंग उघड्या कपाटाच्या लटकत्या कपड्यांकडे तोंड करून होतं, पाठीमागे रजया. घुमारा त्यानं मरतो, बाहेरचा गोंगाट मरत नाही. त्याला वेळच सांभाळावी लागते. सकाळी आमच्या गल्लीत कचरागाडी गाणं वाजवत येते. इंदूरच्या स्वच्छतेचा मला मनापासून अभिमान आहे, पण त्या वेळात माइक उघडण्यात अर्थ नाही. म्हणून रात्र, पंखा बंद, फ्रिज बंद. ऑडिओबुकसाठी एसीएक्स या ऑडिबलच्या मंचाचे निकष आहेत: शांततेतली खरखर उणे ६० डेसिबलच्या खाली, आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ या पट्ट्यात, आणि सगळ्यात उंच टोक उणे ३ च्या आत. डेमोला अशी सक्ती कुणी करत नाही, तरी मी हेच माप धरलं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं खरखर काढायचं साधन जास्त लावलं की ‘स’ पाण्याखालून आल्यासारखा लागतो. त्यापेक्षा पंखा बंद करून घाम पुसणं बरं.

रविवार, दुपारी

शेजारचे काका ऐकून गेले. मालवा हाऊसमध्ये, म्हणजे इंदूरच्या आकाशवाणी केंद्रात, त्यांनी बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलंय. आकाशवाणी इंदूर १९५५ मध्ये सुरू झालं, आणि शेतकऱ्यांशी मालवी बोलीत गप्पा मारणारी तिथली नंदाजी-भेराजी ही जोडी हा काकांचा कायमचा जिव्हाळ्याचा विषय. आज मात्र त्यांनी गप्पा बाजूला ठेवून हातात घड्याळच घेतलं. रेडिओवर जाहिरातीची वेळ दहा सेकंदांच्या हिशेबानं विकली जाते, आणि दहा सेकंदांत निवांत बोलायचं तर साधारण वीस-पंचवीस शब्द बसतात. ‘आता हाच जाहिरातीचा तुकडा पुन्हा म्हण, पण ठीक दहा सेकंदांत. घाई नको आणि शेवट ओढायचा नाही.’ मग म्हणाले, ‘आता आठात.’ वेग वाढवला तरी भाव पळता कामा नये, हे फार अवघड आहे आणि फार उपयोगाचंही. हा सराव आता रोजचा.

काकांशी माझं एका बाबतीत जमलं नाही. आमच्या इंदुरी मराठीला हेल आहे. वाक्याचं टोक जरा वर जातं, हिंदी आणि मालवीच्या शेजारात राहून राहून ते तसं झालंय. शिवाय चाक, जग, झाड यांतले च, ज, झ आमच्या पिढीच्या तोंडी हिंदीसारखे जड होतात. काकांचं म्हणणं, हे सगळं पुसून टाक, पुण्या-मुंबईचे लोक ऐकणार आहेत. उच्चारांचं मला पूर्ण मान्य आहे. निवेदनात ते नीटच हवेत. सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांना प्रेक्षकांचे गट असतात, त्यात आमचा राहुल बारपुते गट ठरलेला असतो. तिथे नट शब्दाचा शेवट कसा सोडतात, मुद्दाम कुठे थांबतात, हे मी अलीकडे कान टवकारून ऐकते, आणि घरी येऊन म्हणून बघते. पण हेल पुसायचा नाही. गरजेप्रमाणे तो बाजूला ठेवता आला पाहिजे आणि हवा तेव्हा काढताही आला पाहिजे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या घरांत जी मराठी बोलली जाते तीही एक मराठीच आहे, आणि उद्या कुणाला एखाद्या मालिकेत अशी काकू हवी असेल तर तो आवाज कुठे शोधणार? डेमोत निवेदनाचे तुकडे प्रमाण मराठीत आहेत आणि एक घरगुती तुकडा आमच्या हेलात आहे. तो अर्धा तास काय, मी दिवसभर बोलू शकते.

काका जाताना पुन्हा ‘विचार कर’ म्हणाले. विचार झालाय. तो तुकडा चौथ्या क्रमांकावर राहील.

हिंदीची फाईल वेगळी करणार. एकाच डेमोत दोन भाषा आल्या की मराठीवाल्याला हिंदी ओलांडून जावं लागतं आणि हिंदीवाल्याला मराठी. तिच्यासाठी मजकूर अजून लिहायचाय: एक बँकेच्या फोनवरची सूचना, एक शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचा धडा, आणि एक जाहिरात, तीही दहा सेकंदांची.