वीतभर सुतळी

बुधवार, रात्र

आज नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात पिशवीचा बंद तुटला. ऐन गर्दीत, सगळी भाजी घेऊन परत निघाल्यावर. टोमॅटो घरंगळत गेले, काही लोकांच्या चपलांखाली चेंदले. मी वाकून गोळा करतेय तोवर कांदेवाल्या मावशींनी हातातली पिशवीच ओढून घेतली. पोती शिवायचं दाभण शेजारी खोचलेलंच होतं. त्यात सुतळी ओवली आणि बंद शिवायला बसल्या. समोर गिऱ्हाईक कांदे निवडून उभं. त्याला एवढंच, "थांबा हो दादा जरा." आणि तोही थांबला! बुधवारच्या बाजारात हे जास्त नवल.

मावशींकडून मी काही घेतलंही नव्हतं. पैसे विचारले तर म्हणाल्या, "सुतळीचे कसले पैसे? जा बाई, पोरं वाट बघत असतील." माझी पोरं पुण्यात नोकरीला आहेत, घरी कुणी वाट बघत नाही. पण हे सांगायला तोंड उघडेना. घसा दाटून आला. सुतळीवरून!

सिटीलिंकच्या बसमध्ये बसल्यावर शिकागोचा एक प्रयोग आठवला. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अभ्यासकांचा, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला. थंडीत स्केटिंगला आलेल्यांनी अनोळखी माणसाला गरम चॉकलेटचा कप द्यायचा, आणि त्याला किती बरं वाटेल याचा अंदाज सांगायचा. घेणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांचा आनंद त्या अंदाजाहून मोठा निघाला. देणाऱ्याचं लक्ष कपाकडे असतं. घेणाऱ्याला दिसतं ते हे, की कुणीतरी, काही कारण नसताना, आपली दखल घेतली. मावशींच्या हिशेबी ती वीतभर सुतळीच.

रामकुंडावर बिस्किटांचे पुडे वाटताना मोबाईल समोर धरणारेही असतात. धरू देत, भुकेल्याच्या पोटात पुडा जातोच. पण त्या देण्यात अंदाज चुकायला जागाच नसते, सगळं आधीच मोजलेलं.

मागच्या महिन्यात वाचनालयाबाहेर एका मुलीने हाक मारली. "काकू, ओळखलंत?" अजिबात नाही. म्हणाली, परीक्षेच्या दिवशी इथल्या द्वारका चौकात धो धो पाऊस होता, रिक्षा मिळत नव्हती, तुम्ही तुमच्या रिक्षात घेतलंत आणि आधी मला सोडलंत. मी रडत होते, तुम्ही रुमाल दिलात. आता ती नर्स आहे. मी डोकं खाजवलं, ना पाऊस आठवला, ना रुमाल. तसं तिला सांगितलं मात्र नाही, तिच्याकडे सगळं इतकं नीट जपलेलं होतं.

तेव्हाचे रिक्षाचे अर्धे पैसे राहिलेत म्हणून ती पर्स उघडू लागली. ते काही मी घेतले नाहीत. मग म्हणाली, निदान चहा तरी घ्या. चहाला मी कधी नाही म्हणत नाही.