शाई लावू नका, मत देतो

2019 च्या लोकसभा निवडणुकीत मला मतदान केंद्राध्यक्ष म्हणून गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले एक केंद्र मिळाले. मी कुरखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्यात नेमणुकीचा आदेश घरी आला की घरातले सगळे आधी तालुक्याचे नाव वाचतात. पत्नीने ते वाचले आणि काही न बोलता पिशवी भरायला घेतली.

शाळेतल्या एका ज्येष्ठ गुरुजींनी 2009 च्या विधानसभा निवडणुकीत भामरागड तालुक्यात काम केले होते. त्या वर्षी 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी 17 पोलिसांना मारले आणि पाचच दिवसांनी, 13 तारखेला मतदान झाले. गुरुजींनी मला तीन गोष्टी सांगितल्या. पायवाटेने चालताना पुढच्या जवानाच्या पावलावरच पाऊल टाकायचे. वाटेत पडलेला डबा, पिशवी किंवा झाडाला बांधलेला कापडी फलक यांना हात लावायचा नाही. आणि गावात पोचल्यावर आधी कोणाच्या तरी घरचे पाणी मागून प्यायचे. पहिल्या दोन गोष्टी प्रशिक्षणातही सांगितल्या गेल्या होत्या. तिसरी कोणत्याही पुस्तिकेत नव्हती.

आम्हाला हेलिकॉप्टरने एका पोलीस मदत केंद्रावर उतरवले आणि 10 एप्रिलला तेथून गावापर्यंत पायी नेले. पुढे आणि मागे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे व सी-60 या जिल्हा पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान आणि मधे मतदान यंत्राच्या पेट्या घेतलेले आम्ही चौघे, असे आम्ही तीन तास चाललो. वाटेत एका मोहाच्या झाडाला लाल कापड बांधलेले दिसले. त्यावर निवडणुकीवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन होते. कोणी थांबले नाही. गावात शिरल्यावर मी गुरुजींचे ऐकून पहिल्याच घरी पाणी मागितले. ते घर अंगणवाडी सेविकेचे निघाले. तिच केंद्रस्तरीय अधिकारी होती, म्हणजे मतदारयादी तिच्याच हाती होती, आणि आमच्या पथकात कोणालाच न येणारी माडिया ही तिची मातृभाषा होती.

11 तारखेला पहाटे आम्ही नियमाप्रमाणे 50 मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान घेतले, ती मते पुसली, यंत्र मोहोरबंद केले आणि सात वाजता दार उघडले. संवेदनशील भाग असल्यामुळे मतदानाची वेळ दुपारी तीनपर्यंतच होती. केंद्राला तीन गावे जोडलेली होती आणि यादीत चारशेच्या आसपास नावे होती. नऊ वाजेपर्यंत एकही माणूस आला नाही. सेविका म्हणाली, "मोहफुलं वेचायचे दिवस आहेत सर, पहाटेचं काम आटपल्याशिवाय कोणी येणार नाही." ते खरेही असेल, पण शाळेच्या कुंपणापलीकडे, चिंचेखाली, माणसे हळूहळू जमत होती आणि बसून राहत होती. सव्वानऊच्या सुमारास त्यांच्यातला एक म्हातारा आत आला. पहिल्या टेबलावर त्याचे नाव सापडले. दुसऱ्या टेबलावर मतदान अधिकाऱ्याने शाईची काडी उचलली, तेव्हा त्याने डावा हात पाठीमागे घेतला आणि सेविकेकडे पाहून काही बोलला.

"शाई लावू नका म्हणतात. मत देतो म्हणतात."

1961 च्या निवडणूक नियमांत 49-के नावाचा एक नियम आहे. मतदाराने डाव्या हाताची तर्जनी दाखवली पाहिजे, तिच्यावर न पुसणारी शाई लावू दिली पाहिजे, आणि त्याने नकार दिला तर त्याला मतदान करू देता येत नाही. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये एवढाच त्याचा हेतू आहे. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो मतदार असेल, त्याच्या बोटावरची शाई दुसऱ्या दिवशी रात्री कोणी विजेरीच्या उजेडात तपासणार नव्हते. शहरात लोक ते बोट कॅमेऱ्यासमोर धरतात. इथे तेच बोट पुरावा ठरते. मी नियम समजावून सांगितला, सेविकेने तो माडियात सांगितला. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि शांतपणे उत्तर दिले. तिने ते मराठीत असे सांगितले : "तुम्ही संध्याकाळी जाणार, बंदूकवाले पण तुमच्यासंगंच जाणार. बोट इथंच राहील."

यावर मला उत्तर सुचले नाही. म्हातारा मग बराच वेळ बोलत राहिला. आजोबाच्या काळापासून कसत असलेल्या जमिनीचा वनहक्काचा दावा टाकला होता, त्याचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. कागद कुठे आहे ते तलाठ्यालाही ठाऊक नाही. शेवटचे वाक्य सेविकेने जरा हसून सांगितले : "म्हणतात, मत न्यायला येता, मत विचारायला कोणी येत नाही." माडियातही दोन्हींना एकच शब्द आहे, की ही करामत तिची, हे मी तिला विचारायचे राहून गेले.

दाराबाहेर तुकडीचे अधिकारी उभे होते. त्यांनी गोंधळ पाहिला आणि मला म्हणाले, "सर, मैं समझा दूँ इनको?" त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण सशस्त्र माणसाने मतदान केंद्रात यायचे की नाही हे केंद्राध्यक्ष ठरवतो, आणि मी नको म्हटले; इतकेच नाही, तर चिंचेच्या बाजूला उभे असलेले जवानही थोडे मागे घ्यायला सांगितले. ते त्यांना आवडले नाही, तरी त्यांनी तसे केले. हे लिहिताना मला त्यात शौर्य वाटत नाही. त्या जवानांनी आदल्या दिवशी वाट तपासली नसती, रात्रभर शाळेभोवती पहारा दिला नसता, तर मी त्या टेबलामागे बसलोच नसतो. बंदुकीच्या बळावर मी गावापर्यंत पोचलो होतो; चिंचेपासून टेबलापर्यंतचे पन्नास पावलांचे अंतर मात्र त्या बळावर कापले जाणार नव्हते.

म्हातारा मत न देता बाहेर गेला. त्याच्यामागे सेविका गेली. ती चिंचेखाली उभी राहून दहा-बारा मिनिटे बोलली, मग परत आली, स्वतःची मतदार चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि बोट पुढे केले. त्या केंद्रातले ते पहिले मत. बाहेर जाऊन तिने ते बोट सगळ्यांना दाखवले. त्यानंतर बायकांची रांग लागली, बऱ्याच वेळाने पुरुषांचीही. ती काय बोलली हे मला परतीच्या वाटेवर सी-60 च्या एका जवानाकडून कळले. तो भामरागडकडचा माडिया होता आणि खिडकीजवळ उभा राहून सगळे ऐकत होता. ती म्हणाली होती की एकाच्या बोटावर शाई दिसली तर तो एकटा सापडतो, सगळ्यांच्या बोटांवर दिसली तर विचारणार कोणाला. आणि असेही म्हणाली होती की या सरांचे ऐकून ठरवू नका, ते उद्या नसतील. माझे ऐकून ठरवा, मी इथेच आहे.

साडेदहानंतर थोड्या वेळाने तुकडीच्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेतले. बिनतारी संचावर बातमी आली होती की आमच्याच तालुक्यात वाघेझरी परिसरात मतदान केंद्राजवळ स्फोट झाला. कोणी जखमी नाही. पुढचे काय करायचे ते त्यांनी माझ्यावर सोडले. बाहेर रांग होती. मी माझ्या सहकाऱ्यांना तासभर काही सांगितले नाही आणि रांगेतल्या लोकांना तर शेवटपर्यंत सांगितले नाही. घबराट होऊ नये, असे कारण मी मनाशी दिले. पण ज्यांना मी नियम सांगत होतो, ज्यांनी विचार करून मत द्यावे अशी माझी अपेक्षा होती, त्यांच्या निर्णयासाठी सर्वांत महत्त्वाची असलेली गोष्ट मी खिशात ठेवली होती. मन वळवण्याचा मार्ग हा बळापेक्षा नेहमीच स्वच्छ असतो, असे कोणी म्हणू लागले की मला तो तास आठवतो. सेविकेला मात्र मी सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मला आधीच कळलं सर." कसे कळले ते तिने सांगितले नाही.

तीन वाजता दार बंद केले. निम्म्याहून कमी मतदान झाले होते. हिशेबाचा 17-क नमुना भरून, मोहोरा लावून आम्ही घाईने निघालो, कारण अंधार पडण्यापूर्वी पोचायचे होते. वाटेत तो माडिया जवान पुष्कळ बोलला. त्यांच्या तुकडीला चकमकीपेक्षा जास्त वेळ नक्षलवाद्यांबरोबर जंगलात गेलेल्या मुलामुलींच्या आईबापांना भेटण्यात जातो, असे तो म्हणाला. 1990 मध्ये सी-60 उभी राहिली ती स्थानिक तरुणांतून. ते वाटा जाणतात म्हणून, असे आपण समजतो. त्याच्या मते भाषेचा उपयोग वाटेपेक्षा जास्त होता. "बंदूक सगळ्यांकडेच आहे गुरुजी, अंदरवाल्यांकडे पण," असे तो म्हणाला.

गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे 72 टक्के मतदान झाले आणि गोळीला मताने उत्तर मिळाले, असे वर्तमानपत्रांत आले. त्या आकड्यात ब्रह्मपुरी आणि चिमूरची सपाट गावेही आहेत, हे मला वाचतानाच खटकले. तरीही मी निर्धास्त झालो होतो. वीस दिवसांनी, महाराष्ट्र दिनी, आमच्याच कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट होऊन 15 पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक मारले गेले. त्या रस्त्याने मी कित्येकदा दुचाकीवरून गेलो आहे, कोणाच्या पावलावर पाऊल न टाकता. त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मन वळवण्याचा शब्दही काढण्याची माझी हिंमत नव्हती, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती.

15 ऑक्टोबर 2025 ला नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तेव्हा त्याच खोलीत वाद रंगला. एकाचे म्हणणे, बोरिया-कसनासूर आणि मर्दिनटोला इथल्या चकमकींनी त्यांचे कंबरडे मोडले म्हणून ते शरण आले. दुसऱ्याचे म्हणणे, 2005 पासूनचे शरणागती धोरण, रस्ते, गर्देवाड्यापर्यंत पोचलेली एसटी आणि पोलीस ठाण्यातच दाखले देणारी 'दादालोरा खिडकी' यांनी ते घडवले. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघांच्याही गोष्टीत करणारे सरकारच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटले आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो कोणाच्या बंदुकीने नव्हे; पण तसे बसून ठरवायला गावाला जी निर्भय वर्षे लागतात, ती एटापल्लीच्या आतल्या गावांना कोणी दिली नव्हती. पोलिसांनी ती आता आणली असतील, तर पुढचे काम त्यांचे नाही, आणि माझ्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्याचेही नाही. ते त्या सेविकेचे आहे, असे मी वादात म्हणालो.

ती मला 2024 च्या एप्रिलमध्ये एटापल्लीच्या तहसील कार्यालयाच्या आवारात भेटली होती. मी पाच वर्षे मनात ठेवलेला प्रश्न विचारला : नंतर काही त्रास झाला का? ती म्हणाली की मतदानानंतर चौथ्या रात्री दादालोक, म्हणजे नक्षलवादी, आले. गावाला बोलावले आणि शाईची सुरुवात कोणी केली असे विचारले. कोणी बोलेना. तेव्हा तो म्हातारा उठला, दोन्ही हात उजेडात धरून त्याने सगळी बोटे दाखवली आणि म्हणाला की मी दिले नाही, पण ज्यांनी दिले त्यांना गावानेच सांगितले होते. त्याच्या बोटावर शाई नसल्यामुळे त्याचे ऐकून घेतले गेले. ते बराच वेळ बसले, भात खाल्ला आणि गेले.

"आणि त्यांचा जमिनीचा पट्टा?" मी विचारले.

"अजून नाही. तुम्ही परत आला तर विचारायचं म्हणत होते. या वेळेला कुठलं केंद्र आहे तुमचं?"

माझे केंद्र दुसरीकडे होते. दाव्याचा क्रमांक मात्र मी तिच्याकडून आदेशाच्या मागच्या बाजूला लिहून घेतला.