तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूरची पोरं भारताच्या टीममध्ये का दिसत नाहीत?

वर्ल्डकप आला की आमच्या चौकातल्या मेस्सी-नेमारच्या कटआउटचे फोटो पुण्यातल्या ऑफिसात फिरायला लागतात आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. 18 डिसेंबर 2022 ला अर्जेंटिना जिंकली, कोल्हापुरात रात्री फटाके आणि हलग्या वाजल्या, आणि सोमवारी चहाच्या टपरीवर मला नेहमीचा प्रश्न आला. “तुम्ही एवढे फुटबॉलवेडे, मग भारताच्या टीममध्ये तुमची पोरं किती?” विचारणारा हसत असतो. मीही हसतो आणि अनिकेत जाधवचं नाव सांगतो. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, आमच्या कोल्हापूरचा. मग पुढचा प्रश्न येतो, “आणि?”

या ‘आणि’ला मी आजवर खोटी उत्तरं देत आलोय. मैदान कमी पडतं, स्काउट इकडे फिरकत नाहीत, मुंबई-गोव्याच्या पोरांना ओळखी असतात. यातलं काहीच साफ खोटं नाही. पण खरं उत्तरही नाही.

आधी एक गैरसमज काढतो. कुस्तीचं गाव फुटबॉलकडे कसं वळलं, असं लोक विचारतात. अहो, वळलं कुठं? ज्या तालमीत आजोबा लाल मातीत घुमले, त्याच तालमीच्या नावाची जर्सी नातू घालतो. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार, खंडोबा ही नावं क्लबची वाटतात का तुम्हाला? खासबागेच्या कुस्ती मैदानात जे चालायचं तेच शाहू स्टेडियमवर चालतं, फक्त मध्ये चेंडू आला. आमच्याकडे याला ईर्षा म्हणतात. पुण्यामुंबईत ईर्षा म्हणजे मत्सर. आमच्यात ती नसली तर माणूस आजारी आहे का बघतात. सामना चारला असला तरी दुपारी दोनपासून पेठेतली दुकानं अर्धी ओढलेली, आणि कुणाच्या लग्नाचा मुहूर्त सेमीफायनलच्या दिवशी निघाला तर तो बदलून घ्यायला सांगणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात.

आता माझं. वडिलांची पेठ एक, आईचं माहेर दुसऱ्या पेठेत, मध्ये चालत दहा मिनिटं. दोन्ही तालमींची नावं मी लिहिणार नाही. लिहिली तर हा लेख वाचायचा सोडून लोक कोणत्या गॅलरीतला म्हणून मला शोधतील. मामाचा थोरला आईच्या माहेरच्या तालमीकडून लेफ्ट विंगला खेळायचा. डाव्या पायानं चेंडू असा घ्यायचा की जणू तो पायाला चिकटलाय. मी बारावीत होतो तेव्हा पुण्यातल्या एका क्लबनं त्याला चाचणीला बोलावलं होतं. चाचणी सोमवारी. आणि रविवारी सेमीफायनल, आमच्याच पेठेशी.

मामा म्हणत होता, खेळू नकोस, शनिवारीच गाडी धर. शनिवारी रात्री तालमीतली चार ज्येष्ठ माणसं घरी आली. चहा घेतला. कुणी दमदाटी केली नाही, उलट फार प्रेमानं बोलले. “उद्या खेळ आन् रात्रीच्या गाडीनं जा. तालीम हाय म्हणून तू हाईस.” एवढंच. त्यानं बॅग भरून दाराशी ठेवली आणि सकाळी मला हाक मारली. नडगीला लावायचं पॅड फाटलं होतं. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा मीच कात्रीनं कापून दिला, दोन तुकडे, कोपरे गोल करून.

दुपारी मी आमच्या गॅलरीत, हातात थाळी आणि उलथनं.

उत्तरार्धात तो डावीकडून निघाला. आमच्या बॅकनं चेंडू निघून गेल्यावर पाय घातला. मला ते स्पष्ट दिसलं, कारण मी खालच्या पायरीवर होतो. तो पडला आणि उठला नाही. रेफ्रीनं पिवळं कार्ड दाखवलं. आमची अख्खी गॅलरी ओरडायला लागली, “ऊठ की रं नाटक्या!” मीही. दोनदा की तीनदा ते आठवत नाही, पण थाळी वाजवत ओरडलो. मग त्याला उचलताना स्टॉकिंग घसरलं आणि पुठ्ठ्याचा कोपरा बाहेर आला. मी गोल केलेला कोपरा. ओरडणं माझ्या तोंडातच राहिलं. पण थाळी, खरं सांगतो, आणखी थोडा वेळ वाजतच होती. शेजारच्यांच्या वाजत होत्या म्हणून.

घोटा मोडला होता. चाचणी गेली ती गेली. आमची पेठ एक शून्यनं जिंकली. आईनं रात्री सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. वडील म्हणाले, खेळात होतं असं.

पुढे पुण्यात शिकायला आलो आणि मी फार शहाणा झालो. मित्रांसमोर तावातावानं बोलायचो की तालमींनीच आमच्या फुटबॉलचं वाटोळं केलं. पोरगं सोळाव्या वर्षी पेठेचा हिरो होतं, चौकात त्याचा डिजिटल फलक लागतो, त्याला पुण्यात जाऊन बाकावर बसायला कसं आवडेल? लाखाच्या घरातल्या बक्षिसांसाठी तालमी आफ्रिकेतले खेळाडू आणतात आणि गावातलं पोरगं राखीव राहतं. अनिकेत बघा, लहान वयातच पुण्याच्या अकादमीत गेला म्हणून तर दिसला. हे सगळं मला आजही पटतं. पण तेव्हा मी ते बोलायचो ते पुठ्ठा विसरण्यासाठी, हेही आता कळतं. शिवाय त्या शहाण्या पोराला कुणी विचारलं नाही: तालीम नसती तर मामाच्या पोराला सातव्या वर्षी बूट कुणी दिले असते? पहाटे साडेपाचला उठवून मैदानावर कुणी नेलं असतं? घोट्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पैसे कुणी उभे केले? तालमीनं. त्याच चार ज्येष्ठांनी घरोघर फिरून. आमच्या पेठेतल्या दोन घरांनीही दिले, नाव न सांगता. त्यांत आमचं घर नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मी त्याच्यापाशी विषय काढला. तो दुकानात शटरला तेल घालत होता. म्हणाला, “तुझा आवाज मला ऐकू आला होता. गॅलरीतनं तुझा आवाज वळखायचा न्हाई व्हय मी?” मी गप्प. मग तोच म्हणाला, “त्या जागी तू असतास तर मी बी वरडलो असतो.” याचं मला बरं वाटावं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

तर तुमच्या ‘आणि’चं उत्तर हे आहे. आता लगेच म्हणू नका की मग ही ईर्षा बंदच करा. ईर्षा काढली तर गॅलरी रिकामी होईल, आणि रिकाम्या गॅलरीसमोर घोटा मोडून घ्यायला कोण उतरेल? ठेवली तर पुढचा पुठ्ठा कुणीतरी कापतच असेल. मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, हीच पंचाईत आहे.

गेल्या महिन्यात त्यानं विचारलं होतं, पोराला पुण्यात अकादमीत घालायचं तर खर्च किती येतो. पोरगं नऊ वर्षांचं, तेही डावखुरं. मी दोन संध्याकाळी फोन करून सगळी माहिती काढली, फी, होस्टेल, निवडीच्या तारखा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं रविवारी: एक फोटो. पोरगं तालमीच्या जर्सीत, जर्सी गुडघ्यापर्यंत, नडगीला या वेळी विकतचं पॅड.

मी बरंच काही टाइप केलं, पुसलं. मग ‘नाद खुळा’ एवढंच पाठवलं.